शेरा : घर बंद

कॉलेज जुलैतच सुरू झालं होतं, पण मी घर सोडलं असं मला वाटतं ते दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या त्या सकाळी. भात झोडून झालं होतं, नागली कणगीत गेली होती. मुकादमाचा पिकअप हरसूलजवळच्या आमच्या पाड्यावर येऊन थांबला आणि आई, बाबा, दादा, वहिनी, तिच्या कडेवरची तान्ही सोनी, पातेली, ताडपत्री असं सगळं त्यात चढलं. ते निघाले वणीकडच्या द्राक्षबागांत मजुरीला, मी नाशिकच्या एसटीला. आईने दाराला कुलूप लावून किल्ली कनवटीला खोचली. माझा चेहरा बघून म्हणाली, "कुलूप लावलं म्हंजी घर गेलं नाय, पोरी. शिमग्याला हायेच आपण."

पाड्यावर मागे राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं शहरात येऊन भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांनो, तुम्हाला यात नवं काही नाही. दर वर्षी अर्धा पाडा असाच उठून जातो. तरी लिहितेय, कारण माझा राग अजून उतरलेला नाही.

शेवटच्या वर्षाला आम्हाला बायॉलॉजीत संशोधन पद्धती हा विषय होता. खरं सांगते, मला तो फार आवडायचा. बेडकाच्या आकृत्या काढून कंटाळलेल्या मला पहिल्यांदाच कुणीतरी सांगत होतं की तुम्हाला हे कशावरून कळलं, ते आधी दाखवा. सॅम्पल कसं निवडायचं, सरासरी कुठे फसवते, ग्राफ कसा वाचायचा, हे मी होस्टेलच्या मुलींना जेवताना ऐकवायचे. त्या वैतागायच्या.

मग प्रोजेक्ट आलं. पाच वर्षांखालच्या मुलांचं वजन आणि दंडाचा घेर मोजायचा. सरांनी आमचाच पाडा निवडला, कारण वर्गात एक 'लोकल' मुलगी होती. ती लोकल मुलगी केबिनमध्ये जाऊन म्हणाली, सर, जानेवारीत निम्मी घरं रिकामी असतात, लहान पोरंसुद्धा आईबापांबरोबर गेलेली असतात, शिमग्यानंतर जाऊ. सर हसले. तुमच्या शिमग्यासाठी विद्यापीठ वेळापत्रक बदलणार नाही, म्हणाले. जे घर बंद असेल ते सोडून शेजारचं घ्यायचं, असं ठरलं.

आम्ही गेलो. माझी मैत्रीण शर्वरी दारोदार फिरून फॉर्म भरत होती आणि भिमाकाकू तिच्या मागे मागे. भिमाकाकू आमची शेजारीण. गुडघे गेल्यापासून तिला पिकअपवर चढता येत नाही, म्हणून ती पाड्यावरच असते. प्रत्येक कुलपासमोर ती सांगायची, "घर बंद कशाला लिवती बाय? वणीला गेलीत समदी, द्राक्षाला. तसं लिव." शर्वरी गोड हसायची आणि 'घर बंद' लिहायची. फॉर्ममध्ये वणीसाठी जागाच नव्हती.

आमच्या दारापाशी आलो तेव्हाही तिने तेच लिहिलं. हे माझं घर आहे, मी म्हणाले. ती खरंच ओशाळली. मग म्हणाली, "अगं, मग चावी नाही का तुझ्याकडे? आत जरा पाणी प्यायलो असतो." तिच्यावर मी चिडले नाही. तिला कुणी सांगितलंच नव्हतं की पूर्ण घर असं उठून जातं.

चिडले ते निकाल आल्यावर. उघड्या घरांत कोण होतं? ज्यांची विहीर आहे, ज्यांच्याकडे नोकरी आहे, ज्यांना थंडीत गाव सोडावं लागत नाही ते. त्यांची पोरं बरी भरली. स्पर्धेसाठी केलेल्या पोस्टरवर ग्राफ सुंदर आला आणि खाली निष्कर्ष लिहिला गेला: बालकांची पोषणस्थिती समाधानकारक. माझ्या पाड्याबद्दल, माझं नाव घालून.

त्या रविवारी मी विभागाचा वजनकाटा मागून घेतला आणि वणीला गेले. बागेच्या बांधावर ताडपत्रीची खोपटं होती. बायका उजाडल्यापासून वेलींत, पोरं मातीत. आमच्या पाड्याची जेवढी पोरं सापडली तेवढी मोजली. आमची सोनीही मोजली. काट्याकडे बघून वहिनीने विचारलं, "कमी हाय का?" मी आकडा वहीत लिहिला आणि सोनीला तिच्या कडेवर दिलं. तिला ते कळलं.

ती सगळी मापं मी सरांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती वाचली, नाही असं नाही. मग चष्मा काढून शांतपणे म्हणाले, "ही मुलं आपल्या स्टडी एरियात येत नाहीत."

हे वाक्य आठवलं की आजही माझे कान तापतात. हरसूलला मोजायला जावं तर ही पोरं वणीला. वणीला कुणी मोजायला आलं तर ती हरसूलची. मग कुणाच्या तरी ग्राफमध्ये यायचं तर या पोरांनी हडकायचं तरी कुठे? निदान बंद घरं किती होती एवढं तरी पोस्टरवर लिहा, मी म्हणाले. त्याने निकाल बिघडतो, सर म्हणाले. मग माझं नाव काढा, मी म्हणाले. त्यांनी ते लगेच काढलं. पोस्टरला बक्षीस मिळालं आणि मला प्रोजेक्टमध्ये काठावरचे मार्क. त्यातून पुण्याची एमएस्सी हुकली.

आणि गंमत बघा. लेखी परीक्षेत त्याच विषयाला प्रश्न आला, न भेटलेली माणसं गाळल्याने निष्कर्षात कोणता दोष येतो? मी पुरवणी लावून उत्तर लिहिलं. पैकीच्या पैकी मिळाले.

आता मी इंदिरानगरमध्ये एका ऑफिसात सर्व्हेचा डेटा तपासते. इथे या कामाला क्लीनिंग म्हणतात. परवा एक फाइल आली, शेऱ्यात 'घर बंद', त्याखाली 'घर बंद', त्याखाली पुन्हा तेच. एक फिल्टर लावला की सगळी घरं गायब होतात. मी फाइल परत पाठवली. शेजाऱ्यांना विचारा, माणसं कुठे गेलीत ते लिहा, तिथे जा. मॅडम म्हणाल्या, तू सगळं पर्सनली घेतेस. घेतेच. कसं घेऊ नको?

थंडीत घरी गेले तर दाराला कुलूप असतं. मी ओट्यावर बसते. थोड्या वेळाने भिमाकाकू काठी टेकत येते आणि मला फोनवर सगळं कळलेलं असतं तरी सांगते, यंदा कुणाच्या बागेत गेलीत, सोनीला नेलंय की शाळेसाठी मामाकडे ठेवलंय. तेवढं ऐकलं की मला घरी आल्यासारखं वाटतं. आई म्हणाली होती ते खरं आहे, घर गेलेलं नाही. फक्त काकू सांगत होती तेव्हा कुणी ते लिहून घेतलं नाही.

सांगत राहा, काकू. आता मी लिहून घेतेय.