साळूबाईची यमुना

सालोमीबाई रणपिसे हे नाव कोपरीत कुणालाच धड घेता येत नसे. पहिल्या वर्षी त्या प्रत्येकाला दुरुस्त करत, "साळू नाही हो, सालोमी." दुसऱ्या वर्षी त्यांनी तो नाद सोडला. तिसऱ्या वर्षी दारावर थाप मारून त्या स्वतःच म्हणू लागल्या, "उघडा, साळूबाई आलेय!"

बाई मूळच्या नगरकडच्या. नवरा दवाखान्यात कंपाउंडर होता. तो वारल्यावर त्या ठाण्याला आल्या आणि कोपरीतल्या छोट्या मराठी चर्चच्या मंडळीने त्यांना मागची खोली राहायला दिली. त्या बदल्यात चर्च झाडायचं, कंदिलांच्या काचा पुसायच्या आणि रविवारी घंटा वाजवायची. उरलेल्या वेळात त्या घरोघरी जाऊन बायकांना लोकरीचं विणकाम शिकवत. हाताला वळण सुरेख होतं, पण त्याहून जास्त चालायचं ते तोंड. मोज्याची टाच वळवायला शिकवता शिकवता बाई त्या घराच्या सासर-माहेरची बित्तंबातमी घेऊन उठत आणि आपलीही देऊन येत.

त्रेपन्न साली मंडळीत नवे पाळक आले. रेव्हरंड प्रभाकर साळवे. वय तिशीच्या आतबाहेर, अंगकाठी सडपातळ, पुण्यात शिकलेले आणि उत्साहाने नुसते फसफसणारे. पहिल्याच रविवारी त्यांनी मंडळीला फैलावर घेतलं. "आपल्या कुंपणाबाहेर एवढी मोठी वस्ती आहे. त्यातल्या किती घरांशी आपली ओळख आहे? शेजाऱ्याला आपण आहोत हे ठाऊक तरी आहे का?"

"घंटेमुळे ठाऊक आहे," मंडळीचे पंच शिंदे म्हणाले. "झोपमोड होते म्हणून तक्रार आलेली."

पाळकसाहेब खचणारे नव्हते. त्यांनी आधी चौकात पेटी लावून गाणी म्हटली. लोक जमले, पण ते डोंबाऱ्याचा खेळ सुरू होतोय असं समजून. मग त्यांनी छापील पत्रकं वाटली. ती चार दिवसांनी चण्याफुटाण्याच्या पुड्या होऊन पंचांच्याच घरी परत आली. तेव्हा पाळकसाहेबांनी विचार केला, की आपल्या लोकांना उपदेश नको असतो, गोष्ट हवी असते. आणि त्यांनी स्वतःच एक गोष्ट रचायला घेतली.

गोष्ट यमुना नावाच्या सुनेची. नवरा मुंबईला गिरणीत, घरी सासू खाष्ट. ती सुनेला छळते, सून निमूटपणे सोसते आणि क्षमा करते. दर शनिवारी पाळकसाहेब एक भाग तयार करून तोंडी सांगणार आणि सालोमीबाई तो आठवडाभर घरोघरी पोचवणार, असं ठरलं.

"फक्त एक करा," पाळकसाहेबांनी बजावलं. "मी सांगतो तसंच सांगा. पदरचं घालू नका."

"छे हो, मी कशाला घालतेय!" सालोमीबाई म्हणाल्या, आणि तेव्हा त्यांच्या मनातही तसं काही नव्हतं.

पहिली बैठक स्टेशनजवळच्या चाळीत, उत्तराताईंकडे. उत्तराताईंचे यजमान सरकारी कचेरीत होते आणि सासू रंगूबाई सोवळ्याओवळ्याच्या कडक. साळूबाईंनी गॅलरीतल्या पाटावर बसायचं, त्यांचा चहाचा कप खिडकीत वेगळा ठेवलेला असायचा, आणि रंगूबाई दाराच्या आत बसून सगळं ऐकायच्या. यमुनेला सासूने उपाशी ठेवलं इथवर गोष्ट आली तशी विणणारे सगळे हात थांबले.

"अगदी असंच असतं," उत्तराताई हळूच म्हणाल्या.

"काय असतं?" आतून आवाज आला. "साळूबाई, त्या सासूची बाजू पण सांग. सुनेने आधी काय केलं होतं? उगाच कुणी कुणाला उपाशी ठेवत नाही."

साळूबाई पेचात पडल्या. पाळकसाहेबांनी सासूची बाजू दिलीच नव्हती. पण चहा येणार होता आणि तो रंगूबाईंच्या हुकमाने येणार होता. "त्याचं असं झालं," त्या म्हणाल्या, "यमुनेने दूध उतू घालवलं होतं. सलग दोनदा."

"बघ!" रंगूबाई म्हणाल्या.

तिथून साळूबाई खाडीकडच्या कोळ्यांच्या वस्तीत गेल्या. तिथे आवडाबाईच्या अंगणात जाळ्याला गाठी मारत बायका बसल्या होत्या. आवडाबाई म्हणजे उंच, दणकट बाई, तिने बाजारात हाक दिली की पलीकडच्या फलाटावरचा माणूस वळून बघायचा. तिने गोष्ट ऐकली आणि सरळ प्रश्न टाकला.

"ती उपाशी बसते कशाला गो? तिला हात नाय? मासळीची पाटी घ्यावी, बाजारात बसावं."

"तिच्या गावाला समुद्र नाही गं."

"मंग सुकट इकावी! सुकटीला कुठं समुद्र लागतो?"

बायका हसल्या, आणि साळूबाईंना ते पटलंही. पुढच्या आठवड्यात वस्तीतल्या यमुनेच्या डोक्यावर सुकटीची पाटी आली. चाळीतल्या यमुनेने मात्र सुकट विकणं शक्यच नव्हतं, रंगूबाईंनी गॅलरी धुवून काढली असती. म्हणून चाळीतली यमुना शिवणाचा क्लास काढून बसली. इकडे सासू हळूहळू बरीच समजूतदार निघाली, तिकडे तिला सुनेने भर बाजारात चार शब्द सुनावले. साळूबाई दोन्ही यमुना मनात नीट वेगळ्या ठेवत. कधी गडबड झालीच तर "ते मागच्या खेपेचं राहिलं होतं" म्हणून सावरून घेत.

शनिवारी पाळकसाहेब विचारायचे, "लोकांना भावते का गोष्ट?"

"अहो, वाट बघतात!" साळूबाई म्हणायच्या. हे शंभर टक्के खरं होतं. वस्तीतल्या बायका भरतीची वेळ पाहून बैठक ठरवत. चाळीत तर खालच्या मजल्यावरच्या जयाबाई, ज्यांचं उत्तराताईंशी नळावरून भांडण होतं, त्याही जिन्यात येऊन उभ्या राहत.

पाळकसाहेब सुखावले, आणि सुखावलेला लेखक करतो तेच त्यांनी केलं. त्यांनी यमुनेला मारलं. तापाने फणफणलेली यमुना, सासूचा हात हाती, ओठांवर क्षमेचे शब्द, आणि दिवा शांत होतो. सांगताना त्यांनी स्वतःच डोळे पुसले. त्यांच्या पत्नी चित्राबाई बाजूलाच पालेभाजी निवडत होत्या.

"हे त्यांना चालायचं नाही हं," त्या म्हणाल्या.

"करुणरसाशिवाय हृदय पालटत नाही," पाळकसाहेब म्हणाले.

साळूबाई जड पायांनी निघाल्या. बाकी सगळं फिरवता येत होतं, पण मरण कसं फिरवणार? चाळीत त्यांनी सांगितलं तेव्हा उत्तराताईंनी पदर डोळ्यांना लावला, आणि आतून रंगूबाईंचा घोगरा आवाज आला, "कुणाला विचारून मारलं तिला?" वस्तीत तर कुणी रडलंच नाही. आवडाबाईने जाळं खाली ठेवलं आणि म्हणाली, "ही गोष्ट कोण रचतो?"

"पाळकसाहेब."

"कुठं भेटंल तो?"

"रविवारी... चर्चमध्ये." बोलून गेल्यावर साळूबाईंना वाटलं, जीभ चावावी.

त्या रविवारी उपासना सुरू होऊन अर्धा तास झाला होता. पाळकसाहेब प्रवचनाच्या ऐन रंगात होते. दारात सावली पडली. बाहेर पाट्या ठेवून, पदर खोचून आवडाबाई आणि तिच्यामागे सातआठ कोळणी आत आल्या आणि मागच्या बाकांवर दाटीवाटीने बसल्या. पाठोपाठ चपला हातात धरून उत्तराताई, जयाबाई आणि चाळीतल्या आणखी काहीजणी आल्या. सगळ्यांत शेवटी रंगूबाई. त्या आत आल्या नाहीत, उंबरठ्याबाहेरच उभ्या राहिल्या, पण अशा की कुणाला त्यांना ओलांडल्याशिवाय बाहेर जाता येऊ नये.

मागच्या कोपऱ्यात साळूबाईंनी घंटेचा दोर घट्ट धरून ठेवला होता. पंच शिंदे वळून वळून बघत होते. पाळकसाहेब मात्र हरखले. एवढी माणसं! त्यांनी प्रवचन थांबवलं आणि हात पसरून म्हणाले, "या, भगिनींनो, या. आपलं स्वागत आहे. काही विचारायचंय का?"

आवडाबाई उभी राहिली. "यमुना का मेली?"



"म्हणजे... तो कथेचा शेवट आहे," पाळकसाहेब चाचरत म्हणाले.

"पाटी घेऊन उन्हातान्हात फिरली, सासूला बाजारात गप केली, आणि तापानं मेली? आमाला नाय पटत."

"पाटी?" पाळकसाहेब म्हणाले. "कसली पाटी?"

"सुकटीची!"

"सुकट कुठली?" उत्तराताई उठल्या. "यमुनेचा तर शिवणाचा क्लास होता."

"क्लास?" पाळकसाहेबांनी टेबलाचा आधार घेतला.

दोन्ही बाजूच्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या, आणि मग सगळ्यांच्या माना एकदम घंटेच्या दोराकडे वळल्या. साळूबाईंचा चेहरा लाल झाला होता. "दोन्ही करायची ती," त्या पुटपुटल्या. "सकाळी सुकट, दुपारी शिवण."

पेटी वाजवायला बसलेल्या चित्राबाईंच्या हाताखालून तीनचार सूर एकदम वाजले. त्या हसू दाबायला पुढे वाकल्या होत्या.

तेवढ्यात उंबरठ्यावरून रंगूबाई बोलल्या. "मला एवढंच कळत नाही. तुमच्यात मेलेलं माणूस तिसऱ्या दिवशी उठतं असं ही साळूबाई मला वर्षभर सांगत आली. मग हिच्याच बाबतीत काय अडलं?"

पाळकसाहेबांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. पुण्यात त्यांनी या विषयावर मोठा निबंध लिहिला होता. त्यातलं एक अक्षर त्यांना आठवेना. त्यांनी समोर बघितलं. एवढी माणसं त्यांच्याकडे टक लावून बघत होती, आणि त्यांतलं कुणी जांभई देत नव्हतं. ते सावकाश पायऱ्या उतरून खाली आले आणि पुढच्या बाकावर बसले.

"माझं चुकलं," ते म्हणाले. "तुम्हीच सांगा. कशी वाचेल ती?"

"पेज," आवडाबाई म्हणाली. "तांदळाची. आन् वर सुके बोंबील भाजून."

"तापात बोंबील?" रंगूबाई ओरडल्या. "गवती चहा, तुळस आणि सुंठ. आणि तो काढा सासूने करायचा. सासूने म्हणजे सासूनेच. त्याशिवाय मी मानणार नाही."

"सासूला पश्चात्ताप होतो, असं?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"पश्चात्ताप कशाला? तिच्या घरातलं माणूस आहे, काढा करणारच."

चित्राबाईंनी नंतर सांगितलं, की त्या दिवसानंतर पाळकसाहेबांचं प्रवचन निम्म्याने कमी झालं आणि दुप्पट चांगलं झालं. यमुनेचा ताप उतरला. पेज की काढा यावर तडजोड झाली, दोन्ही दिले. उपासना संपायची वेळ टळून गेली, तरी पंच शिंदे एका जागी खिळून बसले होते. शेवटी त्यांनीच घसा खाकरला. "आणि तो नवरा? गिरणीतला? त्याचं काय?"

तो रविवार पुरेना, म्हणून पुढच्या रविवारी दुपारी चर्चच्या ओट्यावर बैठक ठरली, आणि मग ती ठरूनच गेली. यमुनेच्या मागून आणखी गोष्टी आल्या. पाळकसाहेब सुरुवात करून देत आणि बायका ती पुढे नेत. कुणी धर्म बदलला नाही, कुणाला तसं कुणी विचारलंही नाही. पण जयाबाईंचा मुलगा गोवराने आजारी पडला तेव्हा त्यांनी पहिली हाक साळूबाईंना मारली. नाताळला वस्तीतून कोलंबीची एवढी मोठी टोपली आली, की पंच शिंदेंच्या घरी तीन दिवस दुसरं काही शिजलं नाही. आपण आजतागायत उंबरठ्याबाहेरच आहोत, असं रंगूबाई स्वतः सांगत. फक्त पावसाळ्यात त्यांच्यासाठी उंबरठ्याच्या आत खुर्ची टाकावी लागे.

साळूबाईंना रागवायचं पाळकसाहेबांनी ठरवलं होतं. त्यांनी त्यांना मुद्दाम बोलावून घेतलं. "मी सांगितलं होतं, पदरचं घालू नका म्हणून."

"हो," साळूबाई म्हणाल्या. "पण त्या विचारतात हो. विचारल्यावर गप्प कसं बसायचं?"

पुढच्या शनिवारी पाळकसाहेब नवी गोष्ट घेऊन साळूबाईंच्या खोलीवर गेले, चटईवर बसले, आणि सुरू करण्याआधी म्हणाले, "यात एक म्हातारा आहे. त्याला मारू का ठेवू?"

साळूबाईंनी सुयांवरचे टाके मोजायचे थांबवले. "आधी त्याला मुलं किती ते सांगा," त्या म्हणाल्या.