केरबाची अर्धी बैठक

सकाळी सुदामचा फोन आला. केस उभी राहिल्यापासून त्यानं मला कधी फोन केला नव्हता, समोर दिसलो तरी मान वळवायचा. म्हणून नाव बघूनच मी उठून बसलो. म्हणाला, "काका, पैलवान आज अजून आले नाहीत." मी म्हटलं, बस चुकली असेल. तो म्हणाला, "त्यांची बस चुकत नाही. तुम्ही खोलीवर बघता का जरा?" केरबाची खोली माझ्या शेजारचीच, मार्केट यार्डाच्या मागच्या वस्तीत. दार नुसतं लोटलेलं होतं. केरबा कॉटवर बसलेला, अंगात धुतलेला सदरा, पायात चपला. निघायच्या तयारीत होता आणि जरा टेकला असावा… मी खांद्याला हात लावला तेव्हा कळलं.

सुदाम म्हणजे ज्याच्यावर केरबानं कोर्टात केस घातली तो. आणि रोज सकाळी दार उघडून केरबाची वाट बघणाराही तोच. ऐकणाऱ्याला हे चमत्कारिक वाटतं, म्हणून पहिल्यापासून सांगतो. मी हमाल माणूस, चौथीत शाळा सुटली. नटवून लिहिता येत नाही आणि मेलेल्या माणसाबद्दल गोडच बोलावं असंही मला वाटत नाही. केरबा हट्टी होता, कंजूस होता, चहा दुसऱ्याच्या खिशातनं प्यायचा. पण त्याच्यासारखा माणूस मी दुसरा बघितला नाही, आणि आता बघायला वेळही उरला नाही.

आम्ही दोघं पेठेतल्या एका तालमीत होतो. मी तिथं हौसेनं जायचो, तो मात्र तिथंच राहायचा, झोपायचा, माती कालवायचा. माणदेशातला, आई नसलेला, बाप मेंढरांमागं हिंडणारा. अंग असं की बघणाऱ्यानं थांबावं, आणि पोटात भाकरी अन् ठेचा. पैलवानाला दूध, तूप, बदाम लागतात, ते कुठनं येणार? त्या वेळी आसपासच्या गावचे कुस्तीचे शौकीन शेतकरी तालमीतल्या पोरांना खुराक पुरवायचे. धायरीचे आबा त्यातले. सायकलीला किटली लावून स्वतः दूध घेऊन यायचे आणि केरबानं ते पिऊन संपवेपर्यंत समोर बसून राहायचे. आबांना अन् त्यांच्या बायकोला, आक्काला, मूलबाळ नव्हतं. एक दिवस आबांनी केरबाच्या बापाला गावाकडनं बोलावून घेतलं आणि सरळ म्हणाले, "पोरगा मला द्या." बाप म्हणाला, "घ्या. माज्याकडं त्येला उपाशीच ठेवायचा."

धायरी तेव्हा गाव होतं, आबांच्या अंगणात गूळ-खोबरं वाटून दत्तविधान झालं. आम्ही तालमीतली पोरं झाडून गेलो होतो. भटजींनी सांगितलं, आता मुलाला आईच्या मांडीवर बसवा. झालं, बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. आक्का काडीसारखी बाई, आणि मुलगा मिसरूड फुटलेला, दोन माणसांच्या वजनाचा. कुणीतरी ओरडलं, "आक्का, आधी हाडवैद्याला बोलवून ठेव!" आबा चिडले. रीत म्हणजे रीत. आक्का पाटाला पाट लावून भिंतीशी बसली, केरबा नवं कोरं धोतर सावरत पुढं झाला आणि बसला. बापानं त्याचा हात उचलून आबांच्या हातात दिला. भटजींचे मंत्र चालले ते चालले. मी समोर बसून जिलबी खात होतो. केरबाच्या कपाळावर घाम होता, पण उन्हाळ्याचे दिवस होते. मंत्र संपले, आक्कानं त्याच्या तोंडात साखर घातली, आबांनी फेटा बांधला, आणि तो धायरीचा झाला. कागद करायचा असतो हे तिथं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. देवासमोर, पंचांसमोर झालं की झालं, अशीच आमची समजूत.

आणि मग, लोक म्हणायचे केरबाच्या पायगुणानं, आक्काला दिवस गेले. सुदाम झाला. केरबाला काय आनंद! जत्रेच्या फडावर त्याला खांद्यावर बसवून न्यायचा, कुस्ती मारली की आधी पोराच्या डोक्याला फेटा, मग स्वतःच्या. सुदाम त्याला दादा म्हणायचा. केरबानं लग्न केलं नाही. आक्का मागं लागायची, हा हसून विषय टाळायचा. वय झालं, कुस्ती सुटली, तो आबांच्या शेतात राबायला लागला. भाजीचा टेम्पो घेऊन यार्डात यायचा, मी पोती उतरवायचो, आणि चहा माझ्या खिशातनं.

आबा गेले. धायरी शहरात आली, शेताच्या बांधाला बिल्डर येऊन उभा राहिला. जमीन द्यायची म्हटल्यावर सगळ्या वारसांच्या सह्या लागतात. आक्काचा अंगठा झाला, सुदामची सही झाली. केरबा नवा सदरा घालून ओसरीवर बसला होता, आपल्याला बोलावतील म्हणून. बोलावलंच नाही. बिल्डरच्या माणसानं विचारलं, हे कोण? सुदाम म्हणाला, "आमच्याकडं असतात. पैलवान." बिल्डरच्या वकिलानं म्हणे त्याला सांगितलं होतं, वारस जितके कमी तितकं बरं. केरबा उठला, पिशवी भरली आणि यार्डामागं माझ्या शेजारी खोली घेतली. मला म्हणाला, "दगडू, म्या सगळं सोडून दिल्याची सही फुकाट केली असती रं. त्येनं मागितलीच न्हाय."

त्यानं केस घातली ती एवढ्याचसाठी. मी आबांचा आणि आक्काचा मुलगा आहे असं कोर्टानं म्हणावं. जमिनीत गुंठाभर नको असं त्यानं वकिलाला पहिल्याच दिवशी सांगितलं. वकील म्हणाला, मग बांधकामाला स्टे तरी मागू, म्हणजे ते लोक नाक घासत येतील. केरबा म्हणाला, "नगं. लोकांनी घरं बुक केल्यात." वकिलानं माझ्याकडं बघितलं. इमारत उभी राहिली, सुदाम आक्काला घेऊन तिथं तिसऱ्या मजल्यावर राहायला गेला. आणि मग आक्का पडली. खुब्याचं हाड मोडलं, अंथरुणाला खिळली, हळूहळू डोक्यातलंही पुसत गेलं. तिला उठवून खुर्चीत बसवायचं म्हणजे घरभर आरडाओरडा. बाई ठेवली ती पळून गेली. हे कुणाकडनं तरी केरबाच्या कानावर आलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो पहिल्या बसनं धायरीला जाऊन दारात उभा राहिला. सुदामनं दार उघडलं. कोण काय बोललं मला माहीत नाही. त्या दिवसापासून केरबा रोज जायचा, आक्काला उठवायचा, खुर्चीत बसवायचा आणि परत यायचा. तारीख असेल त्या दिवशी धायरीहून तसाच कोर्टात. तिथं सुदाम एका बाकावर, हा दुसऱ्या.

माझी बायको मंगल तेव्हा होती. तिला कुणाची भीड नव्हती. म्हणाली, "भाऊजी, सकाळी ज्यांच्या घरात शिरता त्यांनाच दुपारी कोर्टात उभं करता, लाज नाही वाटत?" केरबा म्हणाला, "वहिनी, केस सुदामवर हाय. आयवर न्हाय." मंगल म्हणाली, "आणि सुदामची बायको चहा देते की नाही?" "सैपाकाच्या कट्ट्यावर ठिवती." "मग पिता का?" "पितो की. चहाचा काय गुन्हा?" पुढं मंगलच आजारी पडून अंथरुणाला खिळली, तेव्हा उचलायचं कसं ते मला केरबानं शिकवलं. हातानं ओढायचं नाही. आपण खाली बसायचं, माणसाला आपल्या अंगावर घ्यायचं आणि मांड्यांनी उठायचं, सावकाश, त्याला कळतही नाही असं. मंगल म्हणायची, तुमच्या हातात मी पोतं असते, भाऊजींच्या हातात माणूस… ती गेली त्याला आता वर्ष होत आलं.

कोर्टात पहिली साक्ष माझी झाली. वयाचं काही अडत नाही, आपल्याकडं मोठ्या मुलालाही दत्तक घ्यायची रीत कोर्ट मानतं, असं आमच्या वकिलानं सांगितलं होतं. सिद्ध करायचं ते एवढंच, की बापानं दिला आणि यांनी घेतला. सुदामच्या वकिलाचं म्हणणं, तो पैलवानाचा सत्कार होता, फेटा बांधला, घरात आसरा दिला, बाकी काही नाही. सुदामनं शपथेवर सांगितलं, मी आईवडिलांचा एकुलता एक. मी शपथेवर सांगितलं, बापानं हात हातात दिला आणि आक्कानं मांडीवर घेतला, मी डोळ्यांनी बघितलं. बरोबर सांगितलं असं आमचा वकील म्हणाला. मग केरबा पिंजऱ्यात गेला. सुदामच्या वकिलानं थट्टेच्या सुरात विचारलं, "काय हो पैलवान, एवढे धिप्पाड तुम्ही, त्या माउलीच्या मांडीवर बसलात?"

केरबा म्हणाला, "न्हाय साहेब. बसलो न्हाय."

आमच्या वकिलाच्या हातातनं पेन पडलं. सुदामचा वकील पुढं सरसावला. "म्हणजे मांडीवर घेतलंच नाही?"

"आय म्हणत हुती, टेक. म्या टेकलो न्हाय. अर्धी बैठक धरून ऱ्हायलो. आयच्या मांडीला माजा भार लागू दिला न्हाय."

जज्जसाहेबांनी मान वर केली. "किती वेळ?"

"भटजींचं हुईस्तवर."

कोर्टात कुणी हसलं नाही. मी हसलो असतो, पण मी तालमीतला. जे कधी तालमीत गेले नाहीत त्यांना सांगतो, अर्धी बैठक म्हणजे ना उभं ना बसलेलं, सगळं अंग मांड्यांवर तोललेलं. चांगला पैलवान जरा वेळात थरथरायला लागतो. आणि हा पोरगा, मंत्र चाललेत, बायका हसतायत, तरी तसाच राहिला. धोतराच्या निऱ्या खाली सोडलेल्या, म्हणून मधली फट कुणाला दिसली नाही. मी समोर बसलो होतो, मी स्वतः बैठका मारणारा, आणि मी तो घाम उन्हाचा समजलो. आयुष्यभर त्यानं हे कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायची वेळ आली ती नेमकी तिथं, जिथं गप्प बसला असता तरी चाललं असतं.

बाहेर आल्यावर मी त्याला झापला. म्हटलं, "मला खोटा पाडलास ना?" तो म्हणाला, "तुला दिसलं ते तू सांगितलंस. माज्या मांड्यांला ठावं ते म्या सांगितलं." मी म्हटलं, अरे, पण ते बसल्यासारखंच झालं की! म्हणाला, "बसल्यासारखं म्हंजे बसलो न्हाय, दगडू. चहा सांग."

केस हरलो. निकालात इंग्रजीत काय काय होतं ते मला कळलं नाही. कागद नाही, फोटो नाही, देणारा आणि घेणारा हयात नाहीत, आक्काला आठवत नाही आणि वादी स्वतःच असं म्हणतो, असा त्याचा मथितार्थ वकिलानं सांगितला. वर अपील करू म्हणाला. केरबा म्हणाला, "इचारलं, त्यांनी न्हाय म्हटलं. झालं." रात्री जेवला नाही एवढंच. सकाळी माझ्या दारावरनं बसला निघाला. मी आतनंच ओरडलो, "आता कोणत्या तोंडानं जातोस?" तो थांबलासुद्धा नाही. "आयला उठवायचं कुणी?" म्हणाला. हरल्यावर गेला, पावसात गेला, ताप अंगात घेऊन गेला. कोर्टानं ज्याला मुलगा नाही म्हटलं तो रोज मुलासारखा गेला, आणि त्यात सुदामला काही दाखवून द्यायचं असं एकदाही त्याच्या चेहऱ्यावर नव्हतं. हे मला नसतं जमलं. मी त्या दारावर थुंकून आलो असतो.

अग्नी मी दिला. तालमीतले उरलेले दोघे-तिघे आले होते. सुदाम आला होता, लांब उभा राहिला.

नंतर थोड्या दिवसांनी त्याचा पुन्हा फोन आला. "काका, आई उठेना. दोन माणसं लावली तर किंचाळते, अंग लाकडासारखं करते. तुम्हाला येतं ना ते?" मी गेलो. माझी कंबर आता गेलेली, मी काय उचलणार. मी खुर्चीत बसलो आणि सुदामला सांगत गेलो. खाली बस. आणखी खाली. ओढू नको, अंगावर घे. साठीला टेकलेला, सुटलेल्या पोटाचा माणूस घामाघूम झाला. आक्कानं अंग ताठ केलं, हातानं त्याचा चेहरा चाचपला आणि म्हणाली, "तू न्हाय. थोरला कुठाय?"

सुदाम अर्धवट वाकलेला, आई अंगावर, धड खाली ठेवता येईना, धड उठता येईना. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी खिडकीकडं बघितलं.

"दादा गावाला गेलाय, आई," तो म्हणाला. "तो येईस्तवर मी उठवतो."

म्हातारीनं अंग सैल सोडलं. सुदाम उठला, थरथरत, पण उठला, आणि तिला खुर्चीत बसवली. बायकोनं चहा आणला. कट्ट्यावर ठेवायला वळली होती, मग काय वाटलं कोण जाणे, माझ्या हातात दिला.

आता रोज सकाळी तोच उठवतो. परवा फोनवर म्हणाला, "काका, मांड्या भरून येतात हो."

मी म्हटलं, येऊ देत.