अंगणाचा त्रास

अकरा जुलैला सात हजार दोनशे रुपये मोजून बातमीबाईने जुना मोबाईल घेतला. त्यातले चारशे थोरल्या जावेचे. खेड्यांतल्या बायकांचं दुखणंखुपणं मांडणाऱ्या एका छोट्या वाहिनीसाठी ती बातम्या करायची. चित्रण मोबाईलवर, कापाजोडही मोबाईलवरच.

त्या महिन्यात तिने एकच गोष्ट डोक्यात घेतली होती. आरोग्य केंद्रात दर बुधवारी येणाऱ्या डॉक्टरीणबाई बंद होणार होत्या, कारण वरून कळवलं होतं की बायकांच्या तक्रारीच नाहीत. तक्रारी गल्लोगल्ली होत्या. बाळंतपणांनंतर कित्येकींचं अंग बाहेर यायचं, म्हणजे गर्भाशय खाली सरकायचं. पण केंद्रात गेल्या की त्या म्हणायच्या, "कंबर दुखते," आणि कंबरेची गोळी घेऊन परतायच्या.

अखेर एकजण तोंड झाकून बोलली, "माझं अंग बाहेर येतं." बातमीबाईला कोण आनंद! त्याच भरात तिने बातमी पाठवून दिली. खालची अक्षरं मोबाईलने आपोआप उमटवली होती, ती तपासायची राहिली. संध्याकाळी आवाज बंद ठेवून गावभर लोक वाचत होते, "माझं अंगण बाहेर येतं."

"अंगण बाहेरच असतं की," दूधवाला दारातून म्हणाला. "तुमचं काय माजघरात आहे?"

तिचा चेहरा पडला. बातमी काढून टाकायला तिने बोट उचललं, तोच जावेने मनगट धरलं.

"थांब गं. मघाशी सासूबाईंनी मला हळूच विचारलं, त्या अंगणवाल्या डॉक्टरीणबाई बुधवारीच येतात ना?"

"सासूबाईंनी?"

"किती वर्षं उकिडव्या बसत नाहीत त्या. आपण गुडघे समजून तेल चोळत बसलो."

बातमीबाई ताडकन उठली. केंद्रातल्या नर्सताईंना फोन करून तिने सगळं समजावलं आणि रातोरात दुसरी बातमी सोडली: 'अंगणाचा त्रास असेल तर बुधवारी या. एवढंच सांगा, तिथे कळतं.'

बुधवारी केंद्रातलं बाकडं पुरेना.

"काय होतंय?" नर्सताई विचारत होत्या.

"अंगण."

"तुम्हाला?"

"मलाही तेच."

सासूबाईंचा नंबर लागला. त्यांनी पदर सावरला. "लिही बाई, माझं अंगण तर आलंच, आता परसदारही निघालंय."

अख्खं बाकडं खदखदून हसलं. बातमीबाईने चित्रण सोडलं नाही. चेहरे नकोत म्हणून नुसत्या चपलांच्या रांगा टिपल्या, पार फाटकापर्यंतच्या. डॉक्टरीणबाई दिवेलागणीपर्यंत तपासत राहिल्या आणि निघताना म्हणाल्या, "तक्रारी नाहीत म्हणणाऱ्यांना आधी हे पाठवा."

तिने पाठवलं. पुढच्या आठवड्यात केंद्राच्या दारावर कागद लागला. बुधवार कायम.

सासूबाईंना डॉक्टरीणबाईंनी अंग आत धरून ठेवणारी आधाराची कडी बसवली. तिसऱ्या दिवशी त्या ओसरीवर उकिडव्या बसून शेंगा सोलत होत्या. बातमीतली चूक बातमीबाईने तशीच ठेवली आहे.

थोरल्या जावेचे चारशे रुपये अजून द्यायचे आहेत.