परातीतल्या भाकरी आणि पाहुणीचं पोट

भाकरीची परात समोर आली आणि लुलुदीबाईंनी हात मागे घेतला. माझ्याकडे वळून त्या हळूच म्हणाल्या, “सांग, माझं पोट ठीक नाही.”

साफ खोटं! दहा मिनिटांपूर्वी चुलीवरच्या वांग्याचा वास आल्याबरोबर याच बाई मला कोपर मारून म्हणाल्या होत्या, “आमच्याकडेही असंच भाजतात गं!”

पण मी दुभाषी. समोरचा खोटं बोलला तर तेही जसंच्या तसं सांगायचं, असा आमचा नियम. शिवाय समोरचा ‘मी’ म्हणाला की आपणही ‘मीच’ म्हणायचं. म्हणून साक्रीजवळच्या त्या ओसरीत मी ठणठणीत तब्येतीने जाहीर केलं, “माझं पोट ठीक नाही.”

मी मूळची भुसावळच्या रेल्वे कॉलनीतली. पूर्व युरोपातल्या आपल्या एका वकिलातीत दुभाषी म्हणून गेले आणि तिथल्या बाजारात रोमा बायकांचं बोलणं कानावर पडलं. पाणी, नाक, कान हे आपलेच शब्द! शेकडो वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज इथूनच गेलेले. मी वेडीच झाले. पंधरा वर्षं त्या रोमानी भाषेचा अभ्यास केला. लुलुदीबाई तिथे रोमा बायकांची गोधड्यांची संस्था चालवतात. साक्रीकडच्या जिजाअक्कांचा गोधड्यांचा गट आणि बाईंची संस्था मिळून त्यांच्या देशात प्रदर्शन भरवायचं, हे त्या दिवशी ठरणार होतं. अक्कांच्या बारा बायकांनी पासपोर्टसुद्धा काढून ठेवले होते. आणि माझ्या दोन्ही भाषा एकाच ओसरीत बसणार होत्या, मला तर आदल्या दिवसापासून जेवण गेलं नव्हतं!

“पोट?” अक्का आतून ओवा घेऊन आल्या. “हाई चाव माय. मंग जेवाले बस.”

बाईंनी ओवा चावला, पण भाकरीला हात लावला नाही. अक्कांचा चेहरा उतरला. “पाव्हणी उपाशी गई ते गावमा मी काय तोंड दखाडू?”

दौऱ्याची व्यवस्था पाहणारे पाटीलसाहेब माझ्या कानाशी आले. “मॅडम, उपास आहे म्हणून सांगा ना.”

“त्या म्हणाल्या नाहीत, तर मी कसं सांगू?”

“अहो, एवढं तर चालतं!”

“तुमच्यात चालत असेल.”

तेवढ्यात बाई शेजारच्या सहकाऱ्याला म्हणाल्या, “गाडी बोलाव. यांच्यासोबत एका छताखाली प्रदर्शन नाही जमायचं. पाय धुतलेल्या भांड्यातून जेवायला देतात.”

आपापसातलं बोलणं दुभाष्याने भाषांतरित करायचं नसतं. पण माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सकाळी दारात पितळेच्या परातीत बाईंचे पाय धुतले होते. हळद, कुंकू, फुलं, फोटो, सगळं झालं होतं. आपल्याकडे जावयाला मिळतो तो मान! बाई खूशही झाल्या होत्या. आणि आता तीच परात, कडेवरच्या पोच्यासकट, भाकरी घेऊन समोर. बाईंच्या समाजात पाय लागलेलं भांडं स्वयंपाकातून कायमचं बाद होतं, कितीही घासा. हे मी स्वतः एका लेखात लिहिलेलं आहे. लिहिणारी मी, आणि तिथे बसून परात बघणारीही मीच! स्वतःच्या मुस्काटात मारून घ्यावीशी वाटली.

मी बाईंना विचारलं, “मी माझ्या नावाने बोलू का?” दुभाष्याला स्वतःचं काही बोलायचं असेल तर अशी परवानगी घ्यावी लागते.

“नको. घरच्या बाईचा अपमान होईल.”

“तुम्ही न जेवता गेलात तर त्याहून मोठा होईल.”

त्यांनी अक्कांच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग होकाराची मान हलवली.

मी म्हटलं, “अक्का, आता दुभाषी स्वतःचं बोलतेय. पाहुणीचं पोट उत्तम आहे. सकाळी याच परातीत त्यांचे पाय धुतले. म्हणून त्यांना यातलं जेवण चालत नाही.”

अक्कांनी परातीकडे पाहिलं, मग सुनेकडे.

“पाय? हाई परातमा?”

सून घाबरून म्हणाली, “साहेबांनी नेली होती. परत आणून दिली, मी घासून घेतली.”

अक्का सकाळपासून चुलीपाशी होत्या. दारातलं स्वागत त्यांनी पाहिलंच नव्हतं! त्या पाटीलसाहेबांकडे वळल्या. “मन्ही कणीकनी परात! पाय धोवाले तांबानं घंगाळं ठेयेल व्हतं ना दारमा?”

“ते काळं पडलं होतं हो अक्का,” साहेब पुटपुटले. “फोटोत ही चांगली दिसत होती.”

“साहेब, तुम्हले अक्कल शे का नई? बरोबर शे तिन्हं! मी तरी कसं खासू?”

हे मी एकही शब्द न गाळता रोमानीत सांगितलं, अक्कलसुद्धा. असा आनंद मला कुठल्या मंत्र्याच्या भाषणात मिळाला नव्हता! बाई आधी थक्क झाल्या, मग पोट धरून हसल्या. अक्कांनी भाकरी गाईला घातल्या आणि लाकडी काठवटीत नवं पीठ घेतलं. बाई शेजारी जाऊन बसल्या, विचारलंसुद्धा नाही, आणि थापायला लागल्या. पहिली भाकरी फाटली. अक्का म्हणाल्या, “राहू दे, साहेबले वाढू.”

बाईंनी तीन भाकऱ्या खाल्ल्या. प्रदर्शन ठरलं. जाताना अक्कांनी ती परात पाटीलसाहेबांच्या गाडीत ठेवली. म्हणाल्या, आता ती तुमची.

दिल्लीला मी रिपोर्ट लिहिला. दुभाष्याने एकदा स्वतःचं मत मांडलं, हेही प्रामाणिकपणे लिहिलं. वरिष्ठांचा मेमो आला, पुन्हा असं करू नये म्हणून. बरोबरच आहे. शब्द सारखे निघाले म्हणून मी पंधरा वर्षं हरखत राहिले आणि भांड्यांकडे बघायचंच विसरले. आता कुठल्याही दौऱ्यात मी आधी स्वयंपाकघरात जाऊन येते.