राजपुऱ्याच्या बाजारातल्या दोन चादरी

बऱ्हाणपूरला खरेदीला जाणार असाल तर हे वाचून जा. माझा राग अजून उतरलेला नाही. आई दोन महिने अंथरुणाला खिळलीय, पाठ सोलवटायला लागली. डॉक्टर म्हणाले, अंगाखाली फक्त सुती कापड घाला. मागांचं गाव तासाभरावर असताना ऑनलाइन कशाला मागवायचं, म्हणून शनिवारी सकाळी भुसावळहून गाडी पकडली.

बऱ्हाणपूरचं स्टेशन लालबागला आहे, तिथून वीस रुपयांत शेअर रिक्षा मिळते. राजपुरा दरवाज्यापाशी उतरा आणि पायीच चाला. वर जुने नक्षीदार लाकडी सज्जे, आणि त्यांवर खिळे ठोकून लावलेले मोबाइलच्या जाहिरातींचे फलक. ठोकणाऱ्याचे हात कसे धजले कोण जाणे. दुचाकीवाले तर पाय चिरडायलाच निघालेले असतात. तरी गल्ली आवडते, खोटं का बोलू. मावा जिलबी गरम असतानाच खा, मी आईसाठीही पाव किलो बांधून घेतली.

बऱ्हाणपूरजवळच खकनारला आमची कापसाची शेती होती. कापड घेताना बाबा एक धागा ओढून दुकानातच जाळून बघायचे. सुताची राख होते, पॉलिस्टर वितळून त्याची गोळी होते. मीही पर्समध्ये काडेपेटी नेली होती.

चादरींच्या दुकानात आजारी आईसाठी हव्यात म्हणाले, तेव्हा मालकांनी गाव विचारलं. खकनार ऐकताच गादीवर बसवलं, चहा मागवला.

"ताई, तुम्ही तर घरच्याच निघाल्या. प्युअर कॉटन आहे, आँख बंद करून न्या."

आता घरच्या माणसासमोर धागा जाळायचा म्हणजे त्याला तोंडावर खोटारडा म्हणण्यासारखंच. मला भीड पडली. बाराशेला दोन चादरी घेतल्या, वर आभारही मानले.

घरी आईनं चादर चिमटीत चोळली आणि पडल्या पडल्या काडेपेटी मागितली. धागा आक्रसला, काळी टणक गोळी झाली. मी दुकानदाराला यथेच्छ शिव्या घातल्या. अंथरुणावरच्या आजारी माणसालाही फसवतात मेले, म्हणाले. आईनं सगळं ऐकून घेतलं.

"काडी होती ना तुझ्यापाशी?" तिनं विचारलं.

होती, म्हणाले.

मी कपाटातून बाबांचं जुनं धोतर काढलं आणि दुहेरी करून तिच्या पाठीखाली घातलं.