सगळ्यात हसरी लाइन

"अगं, पण नाही म्हणायला तुला झालंय काय?" नवऱ्याचा आवाज चढला होता. "केबिन मिळतेय, दिवसभराचं उभं राहणं सुटतंय, आणि तू तोंड पाडून बसलीस!"

"कामगारांना सुखी ठेवायचं पद आहे ते," ताई म्हणाली. कपड्यांच्या कारखान्यात तिच्याहून थोरल्यासुद्धा तिला ताईच म्हणत.

"ठेव की मग! आम्हाला नाही, तर त्यांना तरी ठेव," सासूबाई आतून म्हणाल्या.

अर्धा जन्म मशीनवर वाकून ताई शिलाई लाइनची सुपरवायझर झाली होती. नवे साहेब आले आणि त्यांनी दारात एक फळा लावला. आत येताना प्रत्येकीनं आपल्या नावापुढे हसरा नाहीतर रडका चेहरा चिकटवायचा. रडका दिसला की साहेब सुटीनंतर बोलावून घेत, खुर्ची देत, चहा पाजत, मनापासून ऐकत. माणूस वाईट नव्हता. पण तोवर कारखान्याची बस निघून जाई आणि मन मोकळं केलेल्या बाईला अंधारात पायपीट करत घर गाठावं लागे. बघता बघता सगळा फळा हसायला लागला. ताई तर दारातच उभी राहून सांगे, "हसरा लाव गं, बस चुकेल." आपण पोरींना सांभाळतोय, असंच तिला वाटायचं.

मग एका दुपारी काजं करणारी पोर मशीनवरच कोसळली. पोटुशी होती, सकाळपासून कळा सोसत होती. मूल गेलं. फळ्यावर तिच्या नावापुढे हसरा चेहरा होता. साहेब हळहळले, "इतकी आनंदात होती हो!" आणि सगळ्यात सुखी लाइन म्हणून त्यांनी या नव्या पदासाठी ताईचं नाव वर पाठवलं.

"मग साहेबांना खरं सांग ना," ताईची मुलगी म्हणाली.

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, किती मोकळेपणानं बोलता हो ताई! म्हणून तर हे पद तुम्हालाच."

नवऱ्याला हसू फुटलं. बाकी कुणी हसलं नाही.

"माझी लाइन दुसरीला दिलीसुद्धा," ताई म्हणाली. "केबिन नको, तर मग घरी बसा म्हणतात."

नवऱ्याचं हसू तिथंच विरलं. त्याची पाठ धरल्यापासून घर तिच्याच पगारावर चालत होतं.

ताई उठली. "सोमवारपासून केबिनमध्ये बसतेय. या घरात कुणी माझं अभिनंदन करायचं नाही."