विलासरावांचा आल्प्स आणि मागची गाडी

मंडळी, आत्ताच दोह्याच्या अल सद्द भागातून परतले आणि डोकं अजून तापलेलंच आहे.

आमच्या मंडळाने आज विलासरावांचा सत्कार केला, तोही त्यांच्याच घरी! कारण काय, तर ते आल्प्समधला आल्प द्युएझचा प्रसिद्ध घाट सायकलवर चढले. कतारमध्ये फ्लायओव्हरशिवाय चढ नाही, म्हणून वर्षभर एसीत यंत्रावर पॅडल मारून सराव. शाल-श्रीफळ घेऊन म्हणाले, "एकट्याने चढलो. कोणाची मदत नाही."

एकट्याने? मागून गाडीत त्यांची बायको नंदा होती. वळणावळणावर थांबून पाणी आणि सोललेली केळी देत होती.

नंदा माझी पुण्याच्या कॉन्व्हेंटमधली मैत्रीण. मला डबलसीट घेऊन ती शाळेचा चढ सायकलवरून न उतरता चढायची. गेटवरच्या सिस्टर रागवायच्या आणि गालातल्या गालात हसायच्या.

मी विचारलं, "भावजी, नंदाला का नाही सायकल दिलीत?"

"अहो शैलाताई, तिचे गुडघे! आणि मग गाडी कोण चालवणार?"

सगळे हसले. मला किळस आली.

स्वयंपाकघरात नंदा या वीरांसाठी वडे तळत होती. म्हणाली, "पुढच्या उन्हाळ्यात सायकल मी चालवणार, गाडी तो."

"कबूल झाला?"

"सांगितलंय कुठे! बुकिंग नेहमी मीच करते. या वेळीही भाड्याची सायकल एकच घेतलीय. पण माझ्या उंचीची."

मंडळी, हे विलासरावांच्या कानावर घालावं, की घाटाच्या पायथ्याशीच कळू द्यावं?